गाणे आधी पोहोचले : 'लव्ह नी भवाई', सुरत आणि गुजराती सिनेमाचा परतलेला प्रेक्षक

मराठी वाचकाच्या मनात सुरत हे नाव १६६४ आणि १६७० या दोन सालांशी जोडलेले असते. त्यापुढची सुरत म्हणजे कापड, जर आणि हिरे. गाणे-बजावणे किंवा सिनेमा यांच्याशी या शहराचा संबंध सहसा कुणी लावत नाही. संजीवकुमार म्हणजेच हरिहर जरीवाला यांचा जन्म इथला, एवढे जुन्या रसिकांना फार तर आठवते. तथापि एप्रिल २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'फुले' या हिंदी चित्रपटात महात्मा जोतीराव फुले यांची भूमिका करणारे प्रतीक गांधी हेही सुरतचेच. शिक्षकांच्या घरात ते वाढले, शाळा सुरतेत झाली, अभियांत्रिकीचे शिक्षण मात्र जळगावात, आज बहिणाबाई चौधरींचे नाव धारण करणाऱ्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून पूर्ण झाले. पुढे सातारा आणि पुणे येथे त्यांनी नोकरीही केली. २०२० मध्ये आलेल्या 'स्कॅम १९९२' या मालिकेतील हर्षद मेहताच्या भूमिकेने त्यांना देशभर ओळख मिळाली. गुजराती प्रेक्षकांना मात्र ते त्याआधीपासून ठाऊक होते, आणि ज्या चित्रपटांमुळे ठाऊक होते त्यांपैकी एकाचे गाणे त्या अभिनेत्यापेक्षाही दूर जाऊन पोहोचले होते.

तो चित्रपट म्हणजे १७ नोव्हेंबर २०१७ रोजी प्रदर्शित झालेला 'लव्ह नी भवाई'. संदीप पटेल दिग्दर्शित या चित्रपटात मल्हार ठाकर, आरोही पटेल आणि प्रतीक गांधी असा त्रिकोण आहे. संगीत सचिन-जिगर या जोडीचे, गीते निरेन भट्ट यांची. कथानक विनोदी अंगाने सुरू होऊन गंभीर वळणावर येणाऱ्या प्रेमकथेचे आहे. नायिका अंतरा ही रेडिओवरील निवेदिका. श्रोत्यांच्या प्रेमातील अडचणी सोडवणारा कार्यक्रम ती चालवते आणि स्वतःचा मात्र प्रेमावर विश्वास नाही. तिच्या आयुष्यात एक बेफिकीर आणि एक समंजस असे दोन तरुण येतात. यापुढचे कथानक कुणालाही तर्काने जुळवता येईल. मग या चित्रपटाविषयी आज एवढे बोलण्याचे कारण काय? ते कारण त्याच्या संगीतात आहे, आणि काही अंशी त्याच्या नावातही.

'भवाई' हे गुजरातचे लोकनाट्य. चौदाव्या शतकातील असाइत ठाकर हे तिचे प्रवर्तक मानले जातात, ते सिद्धपूरचे. (योगायोग असा की, या चित्रपटाचे नायक मल्हार ठाकर यांचे गावही सिद्धपूरच.) भुंगळ या तांब्याच्या लांब तुतारीच्या नादावर भवाईतले 'वेश' सुरू होतात. तमाशातील सोंगाड्याचे काम तिथे रंगलो करतो. थट्टा करता करता तो गावाला चार खरे शब्द ऐकवतो. बोलीभाषेत मात्र 'भवाई झाली' म्हणजे फजिती झाली, चारचौघांत हसे झाले. मराठीत 'तमाशा' या शब्दाचे जे झाले तेच गुजरातीत 'भवाई'चे झाले. एक अस्सल लोककला आणि एक उपहासाचा शब्द, दोन्ही एकाच नावात. म्हणून 'लव्ह नी भवाई'चे मराठी रूपांतर 'प्रेमाचा तमाशा' असेच करावे लागेल. इंग्रजी 'लव्ह' आणि सहाशे वर्षांची 'भवाई' यांची ही जोडणी गमतीची वाटते, पण चित्रपटाच्या संगीताचे सूत्रही नेमके तेच आहे.

'व्हालम आवो ने' हे जिगरदान गढवी यांनी गायलेले गाणे या संगीताचा प्राण. 'व्हालम' म्हणजे प्रियकर, जिवलग. हा शब्द गुजराती लोकगीतांत आणि गरब्यांत ठायी ठायी आढळतो. मात्र अहमदाबाद-सुरतच्या महाविद्यालयात शिकणारी मुलगी आपल्या मित्राला 'व्हालम' म्हणत नाही, जसे पुण्या-पणजीतील मुलगी आपल्या मित्राला 'सजणा' म्हणत नाही. निरेन भट्ट यांनी हा जुना शब्द उचलला आणि साध्या, आर्जवी हाकेत बसवला. गीतात दुर्बोध प्रतिमा नाहीत. 'ये ना' एवढीच विनवणी आहे. सचिन-जिगर यांनी चाल संथ ठेवली, वाद्यमेळ आजचा ठेवला आणि गायकाच्या गळ्यातील लोकसंगीताचा वळसा तसाच राहू दिला. गढवी हे आडनाव ज्या चारण समाजाशी निगडित आहे, त्याची कथा-काव्य गायनाची परंपरा शतकांची. रात्र-रात्र रंगणाऱ्या 'डायरो'त हा गळा अजूनही ऐकू येतो. डायरोतील आवाजाला असलेली धार इथे उतरवून घेतली आहे, जणू मैदानावर गाणारा माणूस खोलीत येऊन कानाशी गुणगुणावा. ऐकणाऱ्याला हे गाणे नवे वाटते आणि आजीच्या घरी कधीतरी ऐकल्यासारखेही वाटते. या दुहेरी जाणिवेतच त्याच्या लोकप्रियतेचे मर्म आहे.

हे यश केवढे मोठे होते हे कळण्यासाठी गुजराती सिनेमाच्या पडझडीचा थोडा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. गुजरातीतील पहिला बोलपट 'नरसिंह मेहता' १९३२ चा, म्हणजे मराठीतील 'अयोध्येचा राजा' ज्या वर्षी आला त्याच वर्षीचा. प्रारंभ बरोबरीने झाला, परंतु वाटा वेगळ्या झाल्या. १९६० मध्ये 'मेहंदी रंग लाग्यो' आला. त्यात राजेंद्रकुमार यांच्यासमोर नायिका होत्या मराठी रसिकांच्या उषाकिरण. संगीत अविनाश व्यास यांचे आणि स्वर लता मंगेशकरांचा. त्या गाण्यांवाचून आजही गुजरातेत नवरात्र पुरी होत नाही. १९७१ च्या 'जेसल तोरल'ने पौराणिक-लोककथात्मक चित्रपटांची लाट आणली. पुढे केडियू-चोरणा घातलेला नायक, घोडा, तलवार, सती आणि डाकू यांचेच पुनर्मुद्रण होत राहिले. १९८० चा केतन मेहता यांचा 'भवनी भवाई' हा सन्माननीय अपवाद. पण अपवादांवर उद्योग चालत नाही. शहरी गुजराती माणूस हिंदी चित्रपटाकडे आणि मुंबईच्या गुजराती नाटकाकडे वळला. गुजराती चित्रपट तालुक्याच्या एकपडदा चित्रपटगृहात उरला. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही 'गुजराती पिक्चर पाहिला' असे सुरतच्या सुशिक्षित घरात सांगणे म्हणजे काहीसे ओशाळवाणे झाले होते. मराठीतही तशी एक अवस्था येऊन गेली, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

ही कोंडी फुटली २०१२ मध्ये, आणि ती फोडण्यात सुरतेचा वाटा होता. अभिषेक जैन या तरुण दिग्दर्शकाचा 'केवी रीते जईश' जूनमध्ये प्रदर्शित झाला. 'कसा जाशील?' हा त्या शीर्षकाचा अर्थ. जायचे आहे अमेरिकेला. व्हिसाच्या रांगेत उभा असलेला पटेल कुटुंबातील मुलगा, बापाचे अपुरे स्वप्न आणि मध्येच उमललेले प्रेम अशी ही हलकीफुलकी, परंतु बोचरी गोष्ट. घोडा नाही, तलवार नाही, पासपोर्ट आहे. या चित्रपटाच्या संगीतकारांपैकी मेहुल सुरती हे नावाप्रमाणेच सुरतचे. गीतलेखनासाठी त्यांच्यासोबत होते रईश मनियार, सुरतेतील गझलकार आणि व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ. म्हणजे चित्रपटसृष्टीशी व्यवसायाने बांधला न गेलेला एक डॉक्टर-कवी शहरी गुजराती सिनेमाला त्याची बोली देत होता.

हे आकस्मिक नव्हते. सुरत हे गुजराती गझलेचे एक जुने पीठ आहे. 'मरीझ' या टोपणनावाने लिहिणारे अब्बास वासी सुरतेत जन्मले. गनी दहींवाला शिंपीकाम करत करत गझल लिहीत. तापीपलीकडच्या रांदेरचे आसिम रांदेरी यांनी 'लीला' नावाच्या काल्पनिक प्रेयसीला उद्देशून लिहिलेल्या रचना कित्येकांच्या तोंडी होत्या. भगवतीकुमार शर्मा हे कादंबरीकार-गझलकार आयुष्यभर 'गुजरातमित्र' या सुरतच्या जुन्या दैनिकात पत्रकारिता करत राहिले. या शहरात मुशायरे भरतात, सुगम संगीताच्या मैफली होतात, आणि व्यापारी, डॉक्टर, कापडदलाल तिथे हजेरी लावतात. रईश मनियार यांनी मरीझ यांच्यावर अभ्यासग्रंथ लिहिला, कैफी आझमी आणि जावेद अख्तर यांच्या काव्याचे गुजराती अनुवाद केले. अशा माणसाने चित्रपटाचे गीत लिहिले की त्यात रोजच्या बोलण्यातील शब्द असतात आणि तरी ते उथळ होत नाहीत. मराठीत सुरेश भटांची गझल हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतून 'उंबरठा'त आली तेव्हा जे घडले, त्याच जातीची ही घटना. कवी आणि संगीतकार हे चित्रपटाच्या बाजारातून न येता मैफलीतून आले. म्हणून त्यांच्या गाण्यात ऐकणाऱ्याविषयीचा आदर उरला.

'केवी रीते जईश'नंतर वाट रुंदावत गेली. २०१४ मध्ये जैन यांचाच 'बे यार' आला. त्यात प्रतीक गांधी होते, संगीत सचिन-जिगर यांचे होते. २०१५ च्या 'छेल्लो दिवस'ने महाविद्यालयीन प्रेक्षक खेचला आणि मल्हार ठाकर यांना घरोघरी पोहोचवले. २०१६ च्या 'राँग साइड राजू'ला सर्वोत्कृष्ट गुजराती चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यासाठी अरिजित सिंह गुजरातीत गायले. त्याच वर्षी राज्य सरकारने सरसकट अनुदानाऐवजी दर्जानुसार श्रेणी ठरवून अनुदान देण्याचे धोरण आणले. अनुदानाने चित्रपट निघतात, प्रेक्षक निघत नाहीत, हे मात्र गोव्यातील निर्मात्यांनाही ठाऊक असावे. प्रेक्षक घराबाहेर काढण्याचे काम गाण्याला करावे लागले. 'लव्ह नी भवाई' हा त्या मालिकेतील असा टप्पा, जिथे गाणे चित्रपटाच्या पुढे धावू लागले.

सुरतच्या संदर्भात हे 'पुढे धावणे' अधिक अर्थपूर्ण ठरते. कारण आजची सुरत एकभाषी नाही. वराछा-कतारगाम भागात सौराष्ट्रातून आलेले हिरे कारागीर आहेत. त्यांची गुजराती आणि मूळ सुरती माणसाची 'स'चा 'ह' करणारी गुजराती यांत एवढे अंतर की दोघे एकमेकांची नक्कल करून हसतात. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी-अहिराणी कुटुंबे दोन-तीन पिढ्या राहत आहेत. यंत्रमागांवर ओडिशातील कामगार आहेत. महापालिकेच्या शिक्षण समितीला गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमांच्या शाळा चालवाव्या लागतात. अशा शहरात गुजराती चित्रपटाची स्पर्धा थेट हिंदीशी असते, कारण सर्वांना समजणारी भाषा तीच. दोन तासांचा गुजराती संवाद परभाषिकाला कदाचित पेलणार नाही. चार मिनिटांचे गाणे मात्र रिक्षात, मिठाईच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात आणि नवरात्राच्या मैदानात विनापरवाना शिरते. शब्द कळो न कळो, हाक कळते. आदल्याच वर्षी 'सैराट'च्या गाण्यांनी मराठी न जाणणाऱ्यांना नाचवले होते, तो अनुभव ताजा होता. 'व्हालम' नाचवत नाही, ते थांबवते. वेग हेच लोकप्रियतेचे भांडवल मानले जाण्याच्या काळात संथ गाण्याला हे स्थान मिळाले, याची नोंद घ्यावी लागेल.

याचा अर्थ चित्रपट निर्दोष आहे असे नाही. गाण्यांनी उभी केलेली भावना पटकथा शेवटपर्यंत तोलू शकत नाही. प्रेमावर विश्वास नसलेली, रोज दुसऱ्यांची दुखणी ऐकणारी निवेदिका ही उत्तम कल्पना. तिच्या अविश्वासाच्या मुळाशी पटकथा आणखी गेली असती, तर हा चित्रपट केवळ गोड न राहता लक्षात राहणारा झाला असता. प्रतीक गांधी यांच्या वाट्याला आलेला समंजस पुरुष हा अशा त्रिकोणात नेहमीच अन्यायाचा धनी असतो. इथेही त्याची सुटका नाही. तरीही संवादांच्या मधल्या शांततेत ते जे करतात, त्यात पुढच्या हर्षद मेहताची चाहूल लागते. हर्षद बोलून जिंकतो, हा आदित्य ऐकून. मल्हार ठाकर यांची विनोदाची लकब पूर्वीच्याच साच्यातली आहे, पण प्रेक्षकांना ती हवी होती आणि त्यांनी ती टाळ्यांनी स्वीकारली. कुटुंबासह पाहता येईल असा शहरी गुजराती चित्रपट ही तेव्हा दुर्मीळ वस्तू होती. तिकीटबारीवर चित्रपटाला मिळालेले यश काही प्रमाणात या दुर्मीळतेचे होते, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'लव्ह नी भवाई'चे संगीत सुरतेत जन्मलेले नाही. सचिन संघवी आणि जिगर सरैया हे मुंबईचे, हिंदी चित्रपटसृष्टीत स्थिरावलेले संगीतकार. 'स्त्री'सारख्या हिंदी चित्रपटांचे संगीत त्यांचे, तर 'स्त्री २'चे लेखन निरेन भट्ट यांचे. हिंदीत यश मिळाल्यानंतरही ते मातृभाषेतील चित्रपटाकडे वळले. सुरतच्या मैफलीने मातीची मशागत केली आणि मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहातून पीक आले, असे या दोन प्रवाहांचे नाते सांगता येईल. मराठीला हे नाते अपरिचित नाही. गोव्यातून गेलेल्या स्वरांनी मुंबईत जे उभे केले, त्याचा इतिहास मंगेशीपासून सुरू होतो. त्रिकूट जमले की एक गाणे पुरत नाही. २०१९ च्या 'चाल जीवी लईए'साठी सचिन-जिगर, निरेन भट्ट आणि जिगरदान गढवी पुन्हा एकत्र आले आणि तो चित्रपट दीर्घकाळ चालला.

त्याच २०१९ च्या नोव्हेंबरात ही कथा पणजीत येऊन पोहोचली. भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे ते पन्नासावे वर्ष. इंडियन पॅनोरमा विभागाचा पडदा उघडला तो 'हेल्लारो' या गुजराती चित्रपटाने. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला ऑगस्टमध्ये जाहीर झाला होता, आणि त्यातील तेरा अभिनेत्रींना मिळून परीक्षकांचा विशेष पुरस्कार होता. अभिषेक शाह दिग्दर्शित या चित्रपटात १९७५ च्या कच्छमधील गावात स्त्रियांना गरबा खेळण्याची बंदी आहे. पाण्याला जाताना वाटेत भेटलेल्या ढोलियाच्या तालावर त्या लपून नाचतात. गीते सौम्य जोशी यांची आणि संगीत मेहुल सुरती यांचे. सात वर्षांपूर्वी व्हिसाच्या रांगेतील मुलासाठी चाल बांधणारा सुरतचा संगीतकार आता देशातील सर्वोच्च ठरलेल्या चित्रपटाचा संगीतकार म्हणून मांडवीच्या तीरावर ऐकला जात होता. 'हेल्लारो'त गाणे हे कथेचे अलंकरण नाही. गाणेच गुन्हा आहे आणि गाणेच मुक्ती. गुजराती सिनेमाला हा टप्पा गाठता आला, कारण त्याआधी हलक्याफुलक्या प्रेमपटांनी आपल्या भाषेतील गाणे ऐकण्याची लाज घालवली होती. 'हेल्लारो'चे कौतुक करताना समीक्षक हे ऋण सहसा विसरतात. विनोदी प्रेमकथेला गंभीरपणे घेण्याची आपल्याकडे रीत नाही.

गोव्यातील वाचकाला यात आपलाही चेहरा दिसेल. कोकणीचा पहिला चित्रपट २४ एप्रिल १९५० रोजी आला तो 'मोगाचो आंवडो', नावातच प्रेम असलेला. १९६३ मध्ये फ्रँक फर्नांड यांनी 'आमचें नशीब' काढला आणि तीन वर्षांनी 'निर्मोण'. प्रेम, थट्टा, गैरसमज आणि अश्रू यांचे जे मिश्रण 'लव्ह नी भवाई'त आहे, त्याची चव 'आमचें नशीब' पाहिलेल्यांना नवी नाही. ते चित्रपट पडद्यावर पाहिलेली पिढी आता थकली. त्यातील गाणी मात्र लग्नाच्या मांडवात वाजतात, आणि त्यावर ताल धरणाऱ्या कित्येक तरुणांना ती मुळात कुठल्या चित्रपटातली हे विचारले तर नाव सांगता येत नाही. 'नाचोंया कुंपासार'ने काही वर्षांपूर्वी ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांची जुनी गाणी पुन्हा पडद्यावर आणली तेव्हा गावोगावच्या सभागृहांत खुर्च्या मांडून खेळ लावावे लागले. चित्रपटगृह नसले तरी लोक आले, कारण ती गाणी त्यांना आधीपासून पाठ होती.